युद्ध संपल्यावर जहाज परत न केलेली पलटण: अंतराळातली लुटारू टोळी हिशेबाने कशी उभी करायची?

त्रिज्या

विज्ञानकथेत एक साचा वारंवार येतो. लढाई संपते, सैनिकांना कुणी वाली उरत नाही, ते जहाज घेऊन निघून जातात आणि लुटारू बनतात. त्यांच्यातला बंधुभाव, सरकारवरचा राग हे सगळं पटतं. पण जहाज कुठून निघालं, किती इंधन उरलं, चाळीस माणसं श्वास कशावर घेतात असं विचारलं की कथा गडबडते. असल्या टोळीची विश्वासार्ह रचना एका जागी लिहून ठेवावी म्हणून हा धागा.

चर्चेसाठी चौकट अशी धरू. मंगळ आणि सेरेस (लघुग्रहांच्या पट्ट्यातला बटुग्रह) यांच्या दरम्यान इंधनसाठ्यांवरून युद्ध झालं. तह झाला, दोन्ही बाजूंनी आरमार निम्म्याहून कमी केलं. १४ महिन्यांचा पगार थकलाय. किरणोत्साराच्या मात्रेच्या नोंदी 'गोपनीय' म्हणून बंद केल्यामुळे निवृत्तिवेतनाचे दावे फेटाळले जातायत. दोन्ही बाजूंचे मिळून ४० जण एक जहाज ताब्यात ठेवतात. जहाजाचं रिकामं वजन २०० टन, इंजिन अणुऔष्णिक, म्हणजे अणुभट्टीच्या उष्णतेने प्रणोदक तापवून मागे फेकणारं; प्रणोदक द्रवरूप हायड्रोजन. टोळीचं नाव 'बिनपगारी'.

प्रश्न: ते लपणार कुठे, लुटणार काय, चढाई कशी करणार, वाटणी कशी, आणि शेवट कसा? भौतिकशास्त्र मोडायचं नाही. इतिहासातले दाखले खरे हवेत.

मोडीवाचक

चौकट इतिहासाला धरून आहे. असल्या टोळ्या जन्मतात त्या जवळजवळ नेहमी तहानंतर, लढाई चालू असताना क्वचितच.

१३६० चा ब्रेतिन्यीचा तह घ्या. इंग्लंड-फ्रान्स युद्ध थांबलं आणि हजारो भाडोत्री सैनिक फ्रान्समध्येच बेकार झाले. त्यांनी घरी न जाता आपल्या तुकड्या तशाच ठेवल्या. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी ऱ्होन नदीवरचं पाँ-सेंत-एस्प्री घेतलं आणि पोपच्या आव्हिन्याँची रसद अडवली. पोपने शेवटी पैसे देऊन त्यांतल्या बऱ्याच जणांना इटलीकडे वळवलं. ६ एप्रिल १३६२ ला ब्रिन्ये इथे याच लोकांनी फ्रान्सच्या राजाच्या फौजेचा पराभव केला. बरखास्त केलेली फौज नियमित फौजेला भारी पडते, कारण तिच्यात अनुभवी माणसंच उरलेली असतात.

दुसरं उदाहरण १७१३ च्या युट्रेक्ट तहानंतरचं. ब्रिटिश आरमाराची माणसं सुमारे ५० हजारांवरून साडेतेरा हजारांच्या आसपास आली. शत्रूची जहाजं लुटायचे सरकारी परवाने रद्द झाले, व्यापारी जहाजांवरचे पगार पडले. पुढच्या दोन-तीन वर्षांत बहामातल्या नॅसोमध्ये चाच्यांची वसाहत उभी राहिली. तिथला एक म्होरक्या बेंजामिन हॉर्निगोल्ड आधी परवानाधारक होता आणि इंग्रज जहाजांना हात लावायचा नाही हा जुना नेम पाळत होता. १७१६ मध्ये त्याच्या माणसांनी मतदान करून त्याला काढलं. त्रिज्या, तुमच्या टोळीत दोन्ही बाजूंची माणसं आहेत. पहिली फूट इथेच पडेल: आपल्या जुन्या झेंड्याचं जहाज लुटायचं का?

आपल्याकडचे पेंढारी मात्र सरळ या रांगेत बसवू नका. ते मराठी फौजांबरोबर आधीपासूनच होते. पगार नव्हता, लूट हेच वेतन. शिंदेशाही आणि होळकरशाही असे त्यांचे गटही होते. १८०३ नंतर शिंदे-होळकरांचा मुलूख आणि महसूल घटला, बेकार झालेले शिपाई त्यांच्यात मिसळले आणि मग त्यांच्यावर कुणाचा लगाम उरला नाही. शिकण्यासारखी आहे ती त्यांची हालचाल. तंबू नाहीत, सामान नाही. स्वारापाशी थोड्या भाकऱ्या आणि घोड्यापुरता दाणा. दोन-तीन हजारांची टोळी दिवसाला ६५ ते ८० किमी जायची आणि फौज जमेपर्यंत पसार व्हायची.

कक्षीय

अंतराळात हीच हालचाल जमत नाही. घोडा वाटेल तिकडे वळतो, जहाज वळत नाही.

अणुऔष्णिक इंजिनाचा निर्गमवेग साधारण ८.८ किमी/से धरू. २०० टन जहाजात २०० टन हायड्रोजन भरला तर वस्तुमानाचं गुणोत्तर २, आणि डेल्टा-व्ही (टाकी संपेपर्यंत वेगात करता येणारा एकूण बदल) ८.८ × ०.६९३ म्हणजे ६.१ किमी/से. द्रवरूप हायड्रोजनची घनता घनमीटरला ७१ किलो असते, त्यामुळे २०० टनांना सुमारे २,८०० घनमीटर टाकी लागते. एकच गोल टाकी केली तर व्यास साडेसतरा मीटर. जहाजाचं चित्र काढताना आधी टाकी काढा आणि तिच्या टोकाला माणसांची खोली चिकटवा.

आता मंगळाच्या कक्षेपासून सेरेसच्या कक्षेपर्यंत. सर्वांत काटकसरीच्या मार्गाने निघताना सूर्याभोवतीच्या वेगात ३.३ किमी/से भर आणि पोहोचल्यावर २.८ किमी/से. बेरीज ६.१. टाकी तिथेच रिकामी झाली. यात मंगळाच्या गुरुत्वातून सुटण्याचा खर्च धरलेला नाही आणि सेरेसच्या कक्षेचा १०.६ अंशांचा झुकावही नाही. प्रवास सुमारे ५७५ दिवस. निघण्याची योग्य वेळ येते दर ३.२ वर्षांनी.

म्हणजे मधल्या वाटेवर दबा धरून बसणं बाद. समोरून किंवा आडवं येणारं जहाज तुमच्या बाजूने काही किमी/से वेगाने निघून जाईल. त्याला धरायचं तर तेवढा सगळा फरक जाळावा लागेल, आणि नंतर घरी जायला टाकीत काही उरणार नाही.

शक्य आहे ते एवढंच: भक्ष्याबरोबरच, त्याच बंदरातून, त्याच मुहूर्तावर निघायचं. दोन्ही जहाजं जवळजवळ एकाच मार्गावर असतील. समजा एक लाख किमी मागे आहात आणि १०० दिवसांत गाठायचंय. ढोबळ हिशेबाने सेकंदाला १२ मीटरचा फरक पुरतो आणि पोहोचल्यावर तेवढाच मारायचा. इंधनाच्या दृष्टीने नगण्य. म्हणून अंतराळातला लुटारू हा सहप्रवासी असतो, आणि त्याच्याकडे बंदराचे कागद असतात.

त्रिज्या

हे माझ्या आराखड्यात पूर्ण उलटं होतं, बदलते. पण लघुग्रहाच्या आड तळ ठेवला तर? निदान लपायला जागा मिळेल.

उष्णगतिक

लघुग्रहांचा पट्टा दाट असतो ही समजूत काढून टाका. मोठ्या लघुग्रहांमधलं अंतर सरासरीने लाखो किमी भरतं. एखाद्याच्या आड राहिलात तर त्याच्याच कक्षेत अडकलात, आणि दुसऱ्या बाजूला एक निरीक्षण यान असलं की आडोसा संपला.

मूळ अडचण उष्णतेची. माणसं राहतात ते कवच २९० केल्विनच्या आसपास ठेवावं लागतं. त्या तापमानाला काळा पृष्ठभाग चौरस मीटरमागे ४०० वॅट फेकतो. मागची पार्श्वभूमी २.७ केल्विन. ५०० चौरस मीटरचं कवच म्हणजे अवरक्त दुर्बिणीला २०० किलोवॅटचा दिवा. उष्णता अडवून ठेवली तर आतली माणसं भाजतील. चाळीस जणांच्या नुसत्या शरीरांतूनच चार किलोवॅट निघतात.

रेडिएटरचा आकारही लिहून ठेवा, कारण कथांमध्ये तो गायबच असतो. एक मेगावॅट उष्णता ३०० केल्विनला फेकायची तर दोन्ही बाजू धरूनही सुमारे १,२०० चौरस मीटर पत्रा लागतो. तेच रेडिएटर १,००० केल्विनला चालवता आले तर १० चौरस मीटरमध्ये काम होतं, पण मग ते लालभडक दिसतात. लढाईत पहिला नेम त्यांच्यावरच धरला जाईल.

एका विशिष्ट दिशेला थंड बाजू ठेवून उष्णता उलट दिशेला सोडणं जमतं. पाहणारा एकच असेल तरच त्याचा उपयोग. युद्धानंतर दोन सरकारांच्या निरीक्षण चौक्या वेगवेगळ्या ठिकाणी असणार.

इंजिनाचं वेगळंच. अणुभट्टी बंद केली तरी विघटनाची उष्णता तासन्‌तास येत राहते आणि ती काढायला थोडा हायड्रोजन सोडत राहावं लागतं. हा खर्च धरला नाही की परतीच्या हिशेबात टाकी कमी पडते. शिवाय हायड्रोजन २० केल्विनला ठेवायचाय. तिथून एक वॅट उष्णता ३०० केल्विनपर्यंत उचलायला आदर्श यंत्रालाही १४ वॅट लागतात, खऱ्याला त्याच्या कित्येक पट. शीतकाचा कॉम्प्रेसर बंद पडला की ५७५ दिवसांत टाकी उडून जाते. बिनपगारींनी सगळ्यांत जास्त काय जपावं, तर तो कॉम्प्रेसर.

दर्यावर्दी

उष्णगतिक यांच्या मुद्द्याला पुस्ती. जहाजाचं अस्तित्व झाकता येत नसेल, पण ओळख झाकता येते. आज समुद्रावर निर्बंध चुकवणारे तेलवाहू टँकर हेच करतात. एआयएस (जहाजाची ओळख आणि ठिकाण आपोआप कळवणारं यंत्र) बंद ठेवायचं किंवा खोटं ठिकाण पाठवायचं, जहाजाचं नाव आणि झेंडा बदलायचा, मालकी कंपन्यांच्या उतरंडीत गाडून टाकायची, भर समुद्रात एका जहाजातून दुसऱ्यात तेल ओतायचं. उपग्रहाला टँकर स्पष्ट दिसतो. तो कुणाचा, आत काय आणि विमा कुणाचा, हे कळत नाही.

तेव्हा तुमच्या टोळीत तोफखाना सांभाळणाऱ्याइतकाच महत्त्वाचा माणूस म्हणजे कागदपत्रं करणारा. युद्धात बुडालेल्या जहाजाचा नोंदणी क्रमांक, त्याचं जुनं देखभाल पुस्तक, बंदरातल्या एखाद्या कारकुनाची ओळख. बेकार सैनिकांकडे हे असतं, कारण पुरवठा खात्यातली माणसंही त्यांच्याबरोबरच बेकार झालेली असतात.

लुटायचं काय? पाणी नको, सेरेसवर ते मुबलक आहे. धातूही नको, वजनाच्या मानाने किंमत नाही. हायड्रोजन हवा, पण दोन टाक्यांमध्ये तो ओतायला जुळणारी जोडणी आणि कित्येक तास लागतात. खरी लूट म्हणजे जे स्वतःला बनवता येत नाही ते: झडपांची सील, उत्प्रेरक, नियंत्रक चिप, औषधं, स्पेससूटचे हातमोजे. मे १७१८ मध्ये ब्लॅकबिअर्ड या चाच्याने चार्ल्सटनचं बंदर जवळजवळ आठवडाभर अडवलं, प्रतिष्ठित माणसं ओलीस धरली, आणि त्या बदल्यात औषधांची पेटी मागितली. दीर्घकाळ बंदराबाहेर राहिलेल्या टोळीची गरज तीच असते.

दुसरा मार्ग खंडणीचा. सोमाली चाच्यांचं उत्पन्न मुख्यतः जहाज आणि माणसं अडकवून मिळणाऱ्या पैशावर होतं, माल विकण्यावर नाही. पण त्यांना मागे किनारा होता, जिथे पकडलेलं जहाज महिनोन्‌महिने नांगरून ठेवता यायचं. बिनपगारींना असं बंदर कोण देतंय हे आधी ठरवा. त्या बंदराशिवाय बाकी काहीच टिकत नाही.

झडप

प्राणवायू आणि हवेचं बघू, कारण वर कुणी हात घातला नाही.

माणशी दिवसाला ०.८४ किलो ऑक्सिजन. ४० जणांना ३३.६ किलो. तो पाण्यातून काढायचा तर रोज सुमारे ३८ लिटर पाणी फोडावं लागतं आणि विजेचा सलग भार साडेनऊ किलोवॅटच्या घरात जातो. उरलेला हायड्रोजन उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडशी साबातिए अभिक्रियेत जोडला की थोडं पाणी परत मिळतं आणि मिथेन उरतो.

कार्बन डायऑक्साइड रोज माणशी एक किलो, म्हणजे ४० किलो. लिथियम हायड्रॉक्साइडने शोषायचा म्हटलं तर नुसत्या रासायनिक हिशेबाने रोज ४४ किलो डबे संपतात. ५७५ दिवसांना २५ टन. ते अशक्य. म्हणून तापवून पुन्हा वापरता येणारा झिओलाइट, म्हणजे वायू शोषणारं सच्छिद्र खनिज. त्याचे शत्रू दोन: ओलावा आणि स्वतःचीच भुकटी. ओलावा आधी नीट काढला नाही तर झिओलाइट पाणीच शोषत बसतो आणि वायू तसाच राहतो. थंड-गरम होऊन दाणे झिजतात, भुकटी झडपांमध्ये जाते आणि झडप अर्धवट उघडी अडकते. आंतरराष्ट्रीय स्थानकावरही या यंत्राने असाच त्रास दिलेला आहे. हवेत कार्बन डायऑक्साइड अर्ध्या टक्क्याच्या आसपास रेंगाळू लागला की डोकं दुखतं, झोप बिघडते, माणसं चिडतात. टोळीत भांडण लावायचं असेल तर आधी एक झडप अडकवा. आठवडाभरात मतभेदाला धार येईल, आणि कारण कुणाच्या लक्षातही येणार नाही.

लुटीचे सुटे भाग बसतीलच असं नाही. १९७० मध्ये अपोलो १३ वर मुख्य यानाचे चौकोनी डबे चांद्रयानातल्या गोल खाचेत बसत नव्हते. प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, नळी आणि चिकटपट्टी वापरून जोड करावा लागला. एकाच देशाच्या एकाच मोहिमेतली ही गत. दोन शत्रू आरमारांचे भाग एकत्र आणायचे तर अडॅप्टर घडवणारा कातारी माणूस टोळीत हवाच.

हवेचा दाब: सूट घालून पटकन बाहेर पडायचं असेल तर जहाजात ५६ किलोपास्कल दाब आणि ३४ टक्के ऑक्सिजन ठेवा. सुटात दाब ३० किलोपास्कलच्या आसपास असतो. समुद्रसपाटीच्या दाबातून थेट त्यात गेलात तर रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात, त्यामुळे आधी कित्येक तास शुद्ध ऑक्सिजन ओढावा लागतो. ५६ वर राहणाऱ्याला ती तयारी मिनिटांत संपवता येते. लढाऊ माणसं हाच दाब पसंत करतील. किंमत म्हणून आगीचा धोका वाढतो. कापड, वायरींची वेष्टनं सगळं बदलावं लागतं. आणि पाणी ८४ अंशांनाच उकळतं, त्यामुळे प्रेशर कुकर नसेल तर डाळ शिजत नाही.

कक्षीय

चढाईबद्दल. दोन जहाजं जोडताना शेवटच्या टप्प्यात सेकंदाला १० सेंटिमीटरपेक्षा कमी वेग असतो, आणि तो समोरचा सहकार्य करतो तेव्हा. सहकार्य न करणाऱ्याला पकडायचं कसं, याचा खरा नमुना आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये एमईव्ही-१ हे यान इंटेलसॅट ९०१ या उपग्रहाला जोडलं गेलं. त्या उपग्रहाला जोडणीची सोयच नव्हती. एमईव्हीने आपली दांडी उपग्रहाच्या मुख्य इंजिनाच्या नळकांड्यात घातली, आत फुलवली आणि ओढून घेतलं. इंजिनाचं नळकांडं मजबूत असतं आणि जहाजाच्या अक्षावर असतं. बिनपगारींचं पकडयंत्र असंच काहीतरी असावं. पण समोरचं इंजिनही अणुभट्टीचं असेल तर मागून जाणं म्हणजे किरणोत्सारात शिरणं. तिथे पुढची बाजू निवडावी लागेल.

बचाव करणाऱ्याचा सोपा उपाय: जहाज फिरवा. सेकंदाला ५ अंश एवढी मंद गिरकी घेतली तरी अक्षापासून २० मीटरवरचं टोक १.७५ मीटर/से ने जातं. त्या टोकाला कुणी चिकटू शकत नाही. अक्षावरून आत यावं लागतं आणि शेवटी तेवढीच गिरकी स्वतः घ्यावी लागते. जवळ जाताना ब्रेकिंगचे थ्रस्टर समोरच्यावर रोखलेले असतात, त्यांचा झोत सौरपट्ट्या आणि खिडक्या खराब करतो. ज्या जहाजाचे भाग हवेत त्याचंच नुकसान. थ्रस्टर तिरके बसवून इंधन वाया घालवायचं, हा त्यावरचा नेहमीचा तोडगा.

स्वाती_न

तोफांचं काय? १९७५ च्या जानेवारीत सोव्हिएत सॅल्यूत-३ स्थानकावरून तोफ झाडून पाहिली होती, स्थानकावर कुणी नसताना. नेम धरायला अख्खं स्थानक वळवावं लागायचं.

दर्यावर्दी

तोफ दाखवायला ठेवावी. भोक पडलेल्या जहाजातून सील आणि औषधं मिळतात, पण खंडणी द्यायला माणसं उरत नाहीत. नॅसोच्या काळातही लूट बहुतेक वेळा गोळी न झाडताच व्हायची. झेंडा पाहून समोरचे शिडं उतरवायचे. १२ मीटर/से ने १०० दिवस मागे येणारं जहाज समोरच्यांना रोज दिसत असतं. वाटाघाटींना तेवढा वेळ आहे. तुमचं अर्धं कथानक तिथेच घडू शकतं.

कलम१०२

कायद्याची बाजू मांडते, कारण 'लुटारू' हा शिक्का कोण मारतं यावर शेवट अवलंबून आहे.

१९८२ च्या समुद्री कायद्याच्या करारात कलम १०१ चाचेगिरीची व्याख्या करतं: खाजगी हेतूसाठी, खाजगी जहाजाच्या लोकांनी, खुल्या समुद्रावर दुसऱ्या जहाजावर केलेली हिंसा किंवा लूट. बिनपगारींना लागू पडेल ते पुढचं कलम १०२. युद्धनौकेवरच्या लोकांनी बंड करून ती ताब्यात घेतली आणि मग असं कृत्य केलं, तर ती खाजगी नौका समजायची. म्हणजे जहाज परत न करणं हे एक, आणि दुसऱ्याला लुटणं हे दुसरं. पहिल्यासाठी स्वतःचं सरकार लष्करी खटला चालवेल. दुसऱ्यानंतर, कलम १०५ प्रमाणे, कुठल्याही देशाला खुल्या समुद्रावर पकडता येतं आणि स्वतःच्या कोर्टात उभं करता येतं. मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकाताने एमव्ही रुएन जहाजावरच्या ३५ सोमाली चाच्यांना पकडून मुंबई पोलिसांच्या ताब्यात दिलं; भारताने त्यासाठी २०२२ मध्ये स्वतंत्र कायदा केलेला होता.

अंतराळासाठी अशी व्यवस्था आजच्या करारांत नाही. १९६७ च्या अंतराळ कराराचं कलम ८ म्हणतं की ज्या देशाने यानाची नोंदणी केली त्याचाच त्यावर आणि आतल्या माणसांवर अधिकार राहतो. कलम ६ प्रमाणे खाजगी उद्योगांची जबाबदारीही देशावरच. तुमच्या कथेत नोंदणी बुडालेल्या जहाजाच्या नावावर आहे, माणसं दोन देशांची आहेत आणि तहाने एक नोंदणी कार्यालय बंद केलेलं असू शकतं. त्यांना चाचे ठरवायला आधी नवा करार लागेल. तो होईपर्यंतची वर्षं हीच त्यांच्या भरभराटीची.

मोडीवाचक

आता वाटणी. कप्तान सर्वेसर्वा असलेली टोळी दाखवू नका. बार्थोलोम्यू रॉबर्ट्स या चाच्याच्या जहाजावरचा करारनामा १७२४ मध्ये लंडनला छापला गेला, त्यातली कलमं अशी: महत्त्वाच्या बाबीत प्रत्येकाला एक मत. कप्तान आणि क्वार्टरमास्टरला दोन वाटे. मास्टर, बोसन, तोफप्रमुख यांना दीड. बाकीच्या अधिकाऱ्यांना सव्वा. अवयव गमावल्यास सामाईक निधीतून ८०० चांदीची नाणी. पैसे लावून जुगार नाही. चाच्यांच्या जहाजांवर कप्तानाचा शब्द पाठलाग आणि लढाई यापुरता अंतिम, एरवी अन्नवाटप, शिक्षा, लुटीची नोंद क्वार्टरमास्टरकडे. ज्यांनी आरमारातली मनमानी सोसलेली असते ते सत्तेची अशी वाटणी करतात.

४० जणांवर बसवू. कप्तान २, क्वार्टरमास्टर २, तिघे दीडवाले मिळून साडेचार, चार सव्वावाले मिळून ५, उरलेले ३१. एकूण साडेचव्वेचाळीस वाटे. आधी जखमींचा निधी आणि जहाजाचा खर्च वेगळा काढायचा, मग भागायचं. ८९ लाख उरले तर वाट्याला २ लाख.

झडप

जखमेच्या कलमात किरणोत्सार घालाच. नासाची क्युरिऑसिटी ही गाडी मंगळाकडे जाताना तिच्यावरच्या उपकरणाने दिवसाला सुमारे १.८ मिलीसिव्हर्ट मोजले. नासाची अख्ख्या कारकिर्दीची मर्यादा ६०० मिलीसिव्हर्ट. साध्या कवचात ती ३३३ दिवसांत संपते. मंगळ ते सेरेस एका फेरीतच हजारावर जातो. पाण्याच्या टाक्या निजायच्या खोल्यांभोवती ठेवल्या तर सौरवादळापासून बरंच संरक्षण मिळतं. दूरच्या ताऱ्यांकडून येणाऱ्या जड कणांवर त्याचा परिणाम कमी.

त्रिज्या यांनी 'नोंदी गोपनीय' हे जे घातलंय तेच कथेचं केंद्र करा. प्रत्येकाच्या छातीवर मात्रामापक असतो, पण त्याचं अधिकृत वाचन आरमाराच्या प्रयोगशाळेत होतं. मात्रा सिद्ध करता आली नाही तर कर्करोग झाल्यावर भरपाई नाही. क्वार्टरमास्टरच्या वहीत लुटीच्या रकान्याशेजारी प्रत्येकाच्या मात्रेचा रकाना असेल. त्यांच्या लेखी तीच थकबाकी.

मोडीवाचक

आणि शेवट. असल्या टोळ्या लढाईत क्वचित संपतात. त्यांना फोडलं जातं ते माफी, जमीन आणि नोकरी देऊन. वूड्स रॉजर्स १७१८ च्या जुलैत राजाची माफी घेऊन नॅसोला आला. हॉर्निगोल्डने ती घेतली आणि तोच जुन्या साथीदारांना शोधायला निघाला. फ्रान्समधल्या टोळ्यांना १३६५ च्या सुमारास द्यु गेक्लां या फ्रेंच सेनानीने स्पेनच्या लढाईवर नेलं. अमीरखान १८१७ च्या तहाने टोंकचा नबाब झाला. करीमखान पेंढाऱ्याने १८१८ मध्ये शरण जाऊन गोरखपूरकडे जमीन घेतली. दुसरा पेंढारी म्होरक्या चितू, त्याने माफी घेतली नाही. तो असीरगडच्या जंगलात वाघाच्या तोंडी गेला.

माफी देणाऱ्याचा शब्द किती खरा, हा प्रश्न टोळीत असणारच. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या तळावरून सुरू झालेल्या नाविकांच्या उठावात हे दिसलं. ते लुटारू नव्हते, त्यांची तुलना इथे फक्त वाटाघाटीपुरती. निकृष्ट अन्न, अपमान, युद्धानंतरची सेवामुक्ती हे प्रश्न होते. त्यांनी मध्यवर्ती संप समिती निवडली, एम. एस. खान अध्यक्ष आणि मदन सिंग उपाध्यक्ष. ७८ जहाजं आणि सुमारे २० हजार नाविक सामील झाले. शिक्षा होऊ देणार नाही या पुढाऱ्यांच्या भरवशावर त्यांनी २३ फेब्रुवारीला उठाव मागे घेतला, तरी अटका आणि बडतर्फी झालीच.

त्रिज्या

नवा आराखडा: टोळी फोबोसवरच्या एका दुरुस्ती गोदीत उघडपणे मालवाहू कंपनी म्हणून नोंदलेली. तीन वर्षांतून एकदा सेरेसच्या ताफ्याबरोबर निघते, वाटेत एक जहाज अडवते, सेरेसला पोहोचायच्या आत सुटे भाग आणि खंडणीचा करार मिळवते. शेवटी मंगळ सरकार माफी जाहीर करतं, मुदत एक वर्ष.

कक्षीय

मुदतीत गोची आहे, आणि ती ठेवाच. चाच्यांना माफी देणाऱ्या राजाच्या १७१७ च्या जाहीरनाम्यातही शरण यायला ५ सप्टेंबर १७१८ पर्यंत बरोबर एक वर्ष दिलं होतं. समुद्रावर ते पुरतं. तुमचं जहाज सेरेसला असेल तर मंगळाकडे निघण्याचा मुहूर्त यायलाच दोन-तीन वर्षं लागू शकतात, वर ५७५ दिवसांचा प्रवास. प्रामाणिकपणे शरण यायचं ठरवलं तरी मुदत हुकते. जाहीरनामा लिहिणाऱ्याला हे माहीत असणार, म्हणजे मुदत मुद्दामच तशी ठेवली का, यावर टोळीत दोन तट पडतील.

कलम१०२

त्यावर कायदेशीर तोडगा निघतो. शरणागती रेडिओवरून स्वीकारायची, आणि मुदत संदेश पाठवल्याच्या वेळेपासून मोजायची. मंगळ-सेरेस संदेशाला ग्रहांच्या जागेप्रमाणे १० ते ३५ मिनिटं लागतात, ती कुणाच्या खाती हे करारात लिहायला हवं. पुराव्यासाठी अणुभट्टीचे नियंत्रक दंड (भट्टी थांबवणारे दांडे) बंद स्थितीत कुलूपबंद करून त्याचं दूरमापन सतत पाठवायचं. पण दंड बंद केले की इंजिन गेलं, शीतकाची वीजही बहुधा गेली.

उष्णगतिक

वीज वेगळ्या छोट्या अणुभट्टीवर घ्या, नाहीतर शरणागतीच्या दिवसापासून टाकीतला हायड्रोजन उडायला लागेल आणि माफी मिळूनही जहाज मंगळाला आणता येणार नाही. सेरेसच्या अंतरावर सूर्यप्रकाश पृथ्वीच्या सुमारे १३ टक्केच असतो, सौरपट्ट्यांवर हा भार टाकायचा तर त्या फार मोठ्या होतील. कॉम्प्रेसर, कार्बन डायऑक्साइडचं यंत्र आणि पाणी फोडण्याचे साडेनऊ किलोवॅट एवढं त्या भट्टीवर चालायला हवं. वाटाघाटीत बिनपगारींची पहिली अट हीच ठेवा: मुख्य इंजिनाला कुलूप लावू, छोट्या भट्टीला हात लावू देणार नाही.

त्रिज्या

घेतलं. दुसरी अट मात्रेच्या नोंदी खुल्या करण्याची, आणि त्या मंगळाहून आल्याशिवाय दंडांना कुलूप नाही.